वर्गणी कोणाकडे मागावी?

लग्नसराईच्या दिवसांत देवळ्याकडील बँडपथकांना उसंत नसते. कळवण, सटाणा, मालेगाव आणि देवळा या चार तालुक्यांच्या आद्याक्षरांवरून ज्याला 'कसमादे' म्हणतात, त्या मुलखात हळदीला आणि वरातीला अहिराणी गाण्यांचा ठेका नसेल तर मांडव सुना वाटतो. परंतु अशा एखाद्या पथकाने वरातीपलीकडे जाऊन स्वतःच्या चाली नीट ध्वनिमुद्रित कराव्यात असे मनात आणले, की घोडे पैशापाशी अडते. सुपारीचा इसार वादकांची रोजी आणि गाडीभाडे यांतच संपतो, आणि बँकेला तारण हवे असते. मग इंटरनेटवरून लोकवर्गणीचे आवाहन करावे, असा सल्ला हल्ली सर्रास मिळतो. सल्ला वाईट नाही. मात्र आवाहन कोणापुढे करावयाचे, हे सल्ला देणारा सहसा सांगत नाही. आणि सारे यशापयश तर तेथेच ठरते.

गाण्याची चित्रफीत हजारोंनी पाहिली म्हणजे हजारो आश्रयदाते मिळाले, ही या व्यवहारातील सर्वांत महाग पडणारी समजूत होय. फुकट ऐकणाऱ्याचे कलावंताशी कोणतेच नाते जडलेले नसते. तो बोटाच्या एका स्पर्शाने येतो आणि तसाच निघून जातो.

वास्तविक लोकवर्गणी या मुलखाला नवी नाही. गावच्या जत्रेसाठी घरटी फाळा पडतो. एरवी पैशापैशाची घासाघीस करणारा गृहस्थही तो देतो, कारण जत्रा त्याची असते, मागावयास आलेला माणूस ओळखीचा असतो आणि हिशेब पुढे चारचौघांत मांडला जाणार असतो. पोटापाण्यासाठी परगावी गेलेला मुलगाही आपला वाटा पाठवतो. अनोळखी माणसाने तेवढीच रक्कम मागितली, तर तोच हात आखडेल.

१९७६ साली श्याम बेनेगल यांच्या 'मंथन' चित्रपटासाठी गुजरातेतील पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये दिले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. त्यात कौतुक केले जाते ते पाच लाखांच्या आकड्याचे. पण गावोगावच्या दूध संस्थांचे जाळे आधीच उभे होते आणि चित्रपट त्या शेतकऱ्यांच्याच लढ्याचा होता, हे त्याहून महत्त्वाचे. पुढे हीच मंडळी ट्रक भरभरून तो पाहावयास गेली. इंग्लंडमधील मॅरिलियन या बँडचा अनुभवही असाच बोलका आहे. १९९७ मध्ये पैशांअभावी त्यांचा अमेरिकेचा दौरा अडला, तेव्हा तेथील चाहत्यांनीच आपण होऊन सुमारे ६० हजार डॉलर जमविले. हे पाहून बँडने पुढच्या ध्वनिमुद्रिकेची किंमत चाहत्यांकडूनच आगाऊ मागितली आणि सुमारे १२ हजार जणांनी ती दिली. त्यांनी सारे जग धुंडाळले नव्हते. ज्यांचे पत्ते जवळ होते, त्यांनाच विचारले.

याची दुसरी बाजू नाशिककरांनी तरी विसरू नये. पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, ते राजाश्रयावर न विसंबता, लोकांच्या भरवशावर. मैफली गाजत, विद्यार्थी येत. परंतु मुंबईच्या इमारतीचे कर्ज डोईजड झाले, वास्तू लिलावात गेली आणि पंडितजींनी नाशिकच्या आश्रमात उत्तरायुष्य काढले. तिकीट काढून ऐकणारा श्रोता आणि कर्ज फेडावयास धावणारा दाता एकच असतो असे नाही, हे एवढ्या मोठ्या गायकाच्या वाट्यालाही आले.

देवळ्याच्या पथकाजवळ मात्र एक ठेवा असतो, ज्याकडे त्याचे स्वतःचेच लक्ष जात नाही. तो म्हणजे सुपाऱ्यांची वही. कोणत्या गावी, कोणाच्या दारी, कोणत्या तिथीला वाजविले याची ती नोंद होय. ज्या घरच्या वरातीत हे वादक घामाघूम झाले, ते घर अनोळखी लाखांहून अधिक मोलाचे. सुरत, नाशिक, पुणे येथे स्थिरावलेली आणि अहिराणी कानी पडली की हरखणारी मंडळीही याच वहीतल्या घरांतून सापडतील.

या घरांकडे जाताना एक अडचण आहे, आणि ती पैशाची नाही. या वादकांना आजवर मिळाली ती बक्षिसी. नोट ओवाळून टाकणारा वर राहतो आणि ती उचलणारा खाली. पिढ्यान्‌पिढ्या वाजंत्री वाजविणाऱ्या कित्येकांना गावाने मांडवात बोलाविले, पण पंक्तीला बसविले नाही. वर्गणी देणारा हा भागीदार ठरतो, आणि भागीदारी समपातळीवरचीच असावी लागते. तेव्हा हात पसरण्यापेक्षा ध्वनिमुद्रणाची एक प्रत किंवा जत्रेतील एक रात्र आगाऊ विकणे अधिक शोभेल, आणि जमाखर्च जाहीर वाचून दाखविणे हा तर निम्मा व्यवहार झाला.

वेळही पाहावी लागेल. उन्हाळ कांदा चाळीतून निघून उमराण्याच्या बाजारात जातो तेव्हा या घरांत पैसा खेळतो, पण तोही भावावर अवलंबून. ८ डिसेंबर २०२३ रोजी कांद्याची निर्यात बंद झाली आणि भाव कोसळले. मे २०२४ मध्ये ती बंदी उठेपर्यंत या शेतकऱ्यांचे महिने कसे गेले, हे देवळ्यात कोणालाही विचारावे. अशा वर्षी वही मिटून ठेवावी आणि पुढच्या हंगामाची वाट पाहावी.