वैशाखवणव्यातली फुले आणि आपल्या समजुती

चैत्र सरून वैशाखाचा उत्तरार्ध लागला, चाकणच्या बाजूने येणाऱ्या वाऱ्यात मुरमाची धूळ मिसळू लागली आणि गच्चीवरच्या कुंड्यांना दुपारी हात लावताच चटका बसू लागला, की निगडी-आकुर्डीच्या वसाहतींतून दरवर्षी एकच वाक्य कानी पडते : ‘आता बाग संपली, पाऊस पडला की पाहू.’ हे म्हणणारी माणसे झाडांवर मनापासून माया करणारी असतात. परंतु ज्या ऋतूत मोगरा ऐन भरात येतो, बोगनवेल भिंतीच्या भिंती रंगवून टाकते आणि सदाफुली भर उन्हात डोळे उघडे ठेवून उभी असते, त्याच ऋतूला ती बागेचा अंतकाळ समजतात, याचे मला फार वाईट वाटते. उन्हाचा जाच आपल्याला होतो, म्हणून तो समस्त वनस्पतिसृष्टीला होत असलाच पाहिजे, हा या समजुतीचा पाया आहे. आणि एखाद्या झाडाचे मूळ वतन कोणते, तिकडच्या ऊनपावसाचा रिवाज कसा, याची चौकशी केल्यावाचून तो पाया हलत नाही.

पहिला गैरसमज पाण्याचा, आणि तोच सर्वांत घातक. दुपारी दोनच्या सुमारास जास्वंदीने पाने खाली टाकली, की घरातले कोणीतरी कळवळून तांब्याभर पाणी ओतते. वास्तविक त्या वेळी पानांतून बाष्प ज्या वेगाने निघून जाते, त्या वेगाने मुळांना पाणी वर चढवता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो. ऊन कलले की माती ओली असल्यास तीच पाने कोणाच्याही मदतीशिवाय ताठ होतात. आमच्याकडे 2019 च्या नोव्हेंबरपासून महापालिकेने दिवसाआड पाणी देण्याची तजवीज केली, आणि नळ आला त्या दिवशी आजच्या वाट्याबरोबर उद्याचाही वाटा कुंडीत ओतून ठेवण्याची सवय घरोघरी लागली. मीही तेच केले. माझा एक जुना बटमोगरा मे महिन्यात सुकू लागला, तसतसे मी त्याला अधिकाधिक पाणी घालत गेलो, आणि शेवटी कुंडी उपडी केली तेव्हा मुळे तपकिरी, बुळबुळीत झालेली होती; चिमटीत धरून ओढताच वरची साल निसटून आली आणि हातात नुसता दोऱ्यासारखा तंतू राहिला. मुळांना पाण्याइतकाच हवेचा श्वास लागतो, आणि तहानेने सुकलेले झाड व गुदमरून सुकलेले झाड ही वरून पाहता सारखीच दिसतात. बोटाची दोन पेरे मातीत खुपसून पाहावी, ओल लागली तर हात आवरावा आणि कोरडी लागली तर तळाच्या भोकातून पाणी बाहेर येईपर्यंत सकाळी द्यावे; याहून मोठी विद्या या बाबतीत नाही. पानांवरचे थेंब भिंगासारखे होऊन पान जाळतात, ही भीतीही बहुतांशी निराधार आहे; 2010 साली हंगेरीतील अभ्यासकांनी प्रयोग करून दाखवले, की गुळगुळीत पानांवरच्या थेंबांनी असा अपाय होत नाही, तो संभव फक्त दाट लव असलेल्या पानांवर राहतो.

मोगऱ्याचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गोष्ट सांगून टाकतो. नाजूक सुगंधाचे झाड म्हणून त्याला सावलीत ठेवणारे आणि कात्री लावली तर फुले कमी होतील या धास्तीने त्याच्या फांद्यांना वर्षानुवर्षे न शिवणारे लोक मी पुष्कळ पाहिले; त्यांच्या कुंडीत पाने भरघोस असतात आणि कळ्यांची वानवा. मोगरा नव्या फुटीवर फुलतो. थंडी सरताना त्याची छाटणी करून त्याला उघड्या उन्हात ठेवले आणि प्रत्येक बहर ओसरल्यावर शेंडे थोडे खुडले, तर उन्हाळाभर तो पुनःपुन्हा कळ्या धरतो.

बोगनवेलीची कथा याच्या उलट टोकाची. हिची रंगीत ‘फुले’ ही मुळी फुलेच नव्हेत. ती छदे, म्हणजे फुलाला कवटाळून बसलेली रंगलेली पाने आहेत. एक झुबका तोडून हातात घ्यावा आणि कागदासारखी तीन छदे हळूच फाकवावी, म्हणजे प्रत्येकाच्या मधल्या शिरेला चिकटलेली, मलईरंगी तोंडाची एकेक बारीक नळी दिसते. तेच खरे फूल. ही वेल दक्षिण अमेरिकेतली. अठराव्या शतकात बूगँव्हिल या फ्रेंच दर्यावर्दीच्या सफरीत कॉमर्सों या वनस्पतिशास्त्रज्ञाला ती ब्राझीलमध्ये आढळली, आणि तिचे नाव त्या कप्तानावरून पडले. भरपूर पाणी आणि खत दिले की ती हिरवीगार माजते आणि फुलत नाही. माती मधूनमधून कोरडी पडू दिली की रंगावर येते. औद्योगिक पट्ट्यातील रस्त्यांच्या दुभाजकांवर, धुराळ्यात आणि टँकरच्या बेताच्या पाण्यावर ती जी फुलते, त्याचे इंगित हेच.

सदाफुली मादागास्करची, गुलबक्षी, निशिगंध आणि देवळापुढचा पांढरा चाफा अमेरिका खंडाकडचे. ही सारी ‘आपली जुनी देशी फुले’ म्हणून आपण मिरवतो, आणि यांतील एकही मूळचे इथले नाही. मला यात उणेपणा काहीच वाटत नाही. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची छावणी ज्या पिंपरीत वसली, आणि कारखान्यांच्या भोंग्यावर खानदेश, मराठवाडा, विदर्भ इथून येऊन माणसे ज्या मुलखात कायमची रुजली, तिथल्या अंगणातही असाच दूरदूरचा गोतावळा असावा हे मला योग्यच वाटते.

रातराणीवर मात्र आपण अन्याय केला आहे. हिच्या वासाने साप येतात, ही समजूत इतकी पक्की आहे, की आमच्या जवळच्या एका सोसायटीने दहा वर्षांची बहरलेली रातराणी एका सकाळी बुंध्यापासून तोडून टाकली. साप जिभेने हवेतले कण टिपून टाळूतल्या इंद्रियाने त्यांचा वास घेतो, हे खरे. पण तो माग काढतो भक्ष्याचा आणि जोडीदाराचा. फुलांच्या सुगंधाचे त्याला कोणतेच आकर्षण नाही. तो सुगंध आहे रात्री उडणाऱ्या पतंगांसाठी. जिथे उंदीर, बेडूक आणि पाली आहेत, जिथे पालापाचोळा, विटांचे ढीग आणि दाट गचपण आहे, तिथे साप येतो. मग वर रातराणी असो वा घाणेरी. झाडाचा तळ स्वच्छ ठेवणे हाच यावरचा बंदोबस्त. त्या सोसायटीत विटांचा ढीग अजून तसाच आहे.

मृगाच्या आगेमागे घरोघरी ज्याची पूजा होते, ते ‘ब्रह्मकमळ’ हा तर गैरसमजांचा मुकुटमणी. खरे ब्रह्मकमळ हिमालयात चार हजार मीटरच्या आसपास दगडधोंड्यांत उगवते, सूर्यफुलाच्या कुळातले आहे आणि उत्तराखंडाचे राज्यपुष्प आहे. पिंपरीच्या उन्हाळ्यात ते तग धरणे अशक्य. आपल्या कुंडीतले आहे मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचे, काटे नसलेले निवडुंग, आणि ज्यांना आपण त्याची पाने म्हणतो ती त्याची चपटी झालेली खोडे होत. म्हणून तर त्यांच्या कडेच्या खाचेतून कळी फुटते. ते बारा वर्षांतून एकदा फुलते ही वदंता सह्याद्रीतल्या कारवीसारख्या, खरोखरच सात-आठ वर्षांनी फुलणाऱ्या झुडपांवरून याच्याकडे आली असावी; धडधाकट निवडुंग दरसाल, आणि एका मोसमात अनेकदा फुलते. रात्री नवानंतर कळी हलकेच उघडू लागते, मध्यरात्री पूर्ण विकसते आणि पहाटे तिची मान लवते. शेजारीपाजारी त्या रात्री जमतात, आरती होते, कोणी मुलांना झोपेतून उठवून आणतो. ते फूल हिमालयातले नाही म्हणून या जागरणाचे मोल कमी होते, असे मी म्हणणार नाही; नाव चुकले आहे, आनंद खरा आहे.

औषधाच्या बाबतीत मात्र अशी सवलत देता येत नाही. मधुमेहावर आणि कर्करोगावर सदाफुलीची पाने चावून खावीत, असे सांगणारे हितचिंतक सकाळच्या फिरण्यात हटकून भेटतात. या समजुतीत सत्याचा अंश आहे, आणि म्हणूनच ती धोक्याची आहे : 1950 च्या दशकात कॅनडातील नोबल आणि बिअर हे संशोधक मधुमेहाच्या अपेक्षेनेच सदाफुली तपासत होते, तिच्या अर्काने रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात असे त्यांना दिसले, आणि त्यातून व्हिनब्लास्टिन हे कर्करोगावरचे औषध निघाले. पुष्कळ पानांतून ते अत्यल्प मिळते, शुद्ध करून, मोजून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली शिरेतून दिले जाते; कच्च्या पानांत त्याच्या सोबतीला इतर विषारी द्रव्येही असतात. ज्या गावात 1954 साली पेनिसिलीनसाठी हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि बुरशीपासून औषध कसे सिद्ध होते हे ज्या गावातल्या कामगारांनी हाताने केले, तिथे तरी मात्रेचे महत्त्व वेगळे सांगावे लागू नये. कण्हेर आणि पिवळी बिट्टी यांचा तर प्रत्येक भाग विषारी आहे. लहान मुले किंवा गुरे असलेल्या घरी ही झाडे हाताच्या अंतरावर लावू नयेत.

एका फुलाविषयी मात्र बोलायचे राहिले. आमच्या जिन्याखाली कोणीतरी दिवाळीच्या साफसफाईत एक कुंडी टाकून दिली होती. वरची पाने पिवळी पडून वाळली होती, म्हणून झाड मेले असा समज झाला असणार. तो आफ्रिकेतून आलेल्या मे फ्लॉवरचा कंद होता, आणि असे कंद कोरडा काळ मातीत झोपून काढतात. मी ती कुंडी उचलून वर आणली आणि सहा महिने तिला जवळजवळ पाणी दिलेच नाही. यंदा वळवाची पहिली सर येऊन गेल्यावर तिसऱ्या दिवशी भेगाळलेली माती एका जागी किंचित उचलली गेली, आणि तिच्यातून तांबूस ठिपक्यांचे एक जाड नाक वर आले. पान एकही नव्हते. आठवड्याभरात त्या दांड्याच्या टोकाला शंभरावर बारीक लाल फुलांचा, पिवळ्या परागांनी माखलेला, मुठीहून मोठा चेंडू उभा राहिला. जिन्याने जाणारे शेजारी आता दारात थांबून विचारतात, ‘हे नवीन आणलंत का?’