नालायक हातांनी झालेला बाप्तिस्मा

(लेखमाला : चर्च आणि माणूस)

भिवंडीत ख्रिस्ती कुटुंबं तशी मोजकीच. वांद्र्याला किंवा वसईला एखाद्या फादरवरून मन उडालं तर माणूस पलीकडच्या चर्चमध्ये मिस्सेला जातो. जिथे समाजच मूठभर, तिथे ही सोय कुठली? त्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या लेखी फादर म्हणजेच अख्खा धर्म. त्याचं काही भलतंसलतं बाहेर आलं की प्रश्न थेट घरात शिरतो. याच माणसाने आमच्या पोराचा बाप्तिस्मा केला, आमचं लग्न लावलं, आईच्या उशाशी बसून शेवटची प्रार्थना म्हटली. ते सगळं खोटंच का?

हा प्रश्न सतराशे वर्षांचा आहे. रोमन सम्राट डायोक्लेशियनने इ.स. 303 मध्ये ख्रिस्ती लोकांचा छळ आरंभला, तेव्हा उत्तर आफ्रिकेतल्या काही बिशपांनी जिवाच्या भीतीने पवित्र ग्रंथ शिपायांच्या हवाली केले. छळ ओसरल्यावर हिशेब सुरू झाला. कार्थेजच्या नव्या बिशपला दीक्षा देणारा फेलिक्स हा ग्रंथ देऊन मोकळा झालेल्यांपैकी आहे, असा आरोप झाला. चौकशीत तो निर्दोष ठरला, पण तोवर चर्च दुभंगलं होतं. वेगळ्या झालेल्या गटाचं, म्हणजे डोनाटसच्या अनुयायांचं, म्हणणं सरळ होतं : पापी हातांनी दिलेला संस्कार हा संस्कारच नव्हे, बाप्तिस्मा पुन्हा घ्या.

उत्तर आफ्रिकेतल्याच बिशप ऑगस्टीनने याला उत्तर दिलं. बाप्तिस्मा पेत्राने दिला काय नि यहूदाने दिला काय, देणारा ख्रिस्तच, असा त्याचा मुद्दा. आपल्याकडचा दाखला द्यायचा तर लाचखोर दुय्यम निबंधकाने नोंदवलेलं लग्न तो पकडला गेला म्हणून मोडत नाही. 411 साली कार्थेजला दोन्ही बाजूंचे साडेपाचशेच्या वर बिशप जमले आणि शाही प्रतिनिधीने निकाल डोनाटसपंथीयांच्या विरोधात दिला. पुढे त्यांच्यावर सरकारी बडगा उगारला गेला आणि ऑगस्टीननेही त्याची पाठराखण केली. सिद्धांत चांगला असला म्हणून तो मांडणारे धुतल्या तांदळासारखे असतात असं नाही, एवढं त्यावरून दिसतं.

हा सिद्धांत मुळात कुणासाठी होता? मागच्या बाकावर बसलेल्या साध्या माणसासाठी. फादरचं अंतःकरण त्याला कसं दिसणार? ते तपासत बसायची पाळी त्याच्यावर येऊ नये, म्हणून ही तजवीज. पुढे मात्र तिची ढाल पाद्र्यांनीच आपल्यापुढे धरली. ‘माणूस चुकतो, तुम्ही देवाकडे बघा’ हे वाक्य ज्याच्यावर अन्याय झाला त्याला ऐकवलं, की त्याचा अर्थ ‘गप्प बस’ एवढाच उरतो.

वास्तविक याच सिद्धांताला दुसरा अर्धा भाग आहे आणि तो सोयीस्करपणे विसरला जातो. अँग्लिकन चर्चच्या 39 कलमांपैकी 26वं कलम सांगतं की, सेवकाच्या नालायकीने संस्काराचं फळ जात नाही. पण तिथेच पुढे म्हटलंय : दुष्ट सेवकांची चौकशी व्हावी, ज्यांना त्यांचे गुन्हे ठाऊक आहेत त्यांनी आरोप करावेत आणि दोषी ठरल्यास त्यांना पदावरून काढावं. कॅथलिक कायद्यातही असाच एक काटा आहे. फादरने ज्या व्यक्तीबरोबर लैंगिक पाप केलं, तिला त्याच पापाची क्षमा तो देऊ शकत नाही. मरणाची वेळ सोडली तर अशी क्षमा रद्दबातल आणि देणारा आपोआप चर्चबहिष्कृत. म्हणजे पदाचा आधार जिथे पाप झाकायला घेतला जाईल, तिथे पदाची ताकदच काढून घेतलेली आहे.

आता जवळचं उदाहरण. मुंबईत गोवंडीच्या शिवाजीनगरमधल्या चर्चच्या धर्मगुरूला डिसेंबर 2021 मध्ये विशेष पोक्सो न्यायालयाने जन्मठेप दिली. 2015 साली तेरा वर्षांच्या मुलावर त्याने अत्याचार केला होता. मुलाचं कुटुंब चर्चच्या वरिष्ठांना भेटलं होतं, तरी पोलिसांत तक्रार कुटुंबालाच करावी लागली. त्या घराच्या श्रद्धेचं काय झालं असेल, यावर बाहेरच्याने प्रवचन देऊ नये.

पाद्र्यांवरचा भरवसा आणि ख्रिस्तावरचा विश्वास यांत अंतर राखणं मराठी ख्रिस्ती माणसाला नवं नाही. पंडिता रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, पण तिथल्या सिस्टर जेराल्डिनना त्यांनी स्पष्टच कळवलं की, इकडच्या पुरोहितांचं जोखड उतरवलं ते दुसऱ्यांचं मानेवर घ्यायला नव्हे. बाईंच्या विश्वासावर तेव्हा शंका घेतली गेली, तरी त्यांनी तो सोडला नाही. शुभवर्तमानंही काही लपवत नाहीत. बारा शिष्यांची थैली सांभाळणारा यहूदा त्यातले पैसे चोरत असे, हे योहानाने लिहूनच ठेवलंय.

तेव्हा भिवंडीतल्या त्या घराला उत्तर असं : बाप्तिस्मा झाला तो झाला, लग्नही पक्कं. पुन्हा काही करायला नको. तक्रार मात्र करायची, आणि प्रकरण मुलाचं असेल तर पहिल्यांदा पोलिसांकडे. पोक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार अशी माहिती असलेल्या कोणत्याही व्यक्तीवर ती पोलिसांना देण्याचं बंधन आहे. हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला कलम 21 खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. बिशपला त्यातून सूट दिलेली नाही. फादरने पापनिवेदनात ऐकलेल्या गोष्टीचं काय, हा पेच वेगळा आणि बराच गुंतागुंतीचा आहे. तो पुढच्या आठवड्यात.