चेहरा ओरिजिनल, पाठ आपली!

“आवाज तोच आहे रे. पण तोंड दुसऱ्याचं आहे.”

बाबांच्या साठाव्या वाढदिवसाला मी दिलेल्या गिफ्टवर मिळालेली ही कॉमेंट! केक कापून झाला होता, फोटो काढून झाले होते. बाबांनी डबी उघडली, घड्याळ हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, कानाला लावलं. आणि हे वाक्य बोलून ते पुन्हा डबीत ठेवून दिलं.

घड्याळ नवं नव्हतंच. ते आजोबांचं होतं. १९६२ साली लग्नात सासऱ्यांनी दिलेलं, फेवर ल्युबा कंपनीचं. घड्याळ, सायकल आणि रेडिओ म्हणजे त्या काळातला जावयाचा मान! आजोबा गेल्यापासून ते कपाटाच्या लॉकरमध्ये पडून होतं. डायल चहासारखी पिवळट झालेली आणि चारच्या खुणेशेजारी एक तपकिरी डाग. म्हटलं, मस्त नवंकोरं करून देऊ. सरप्राईज!

एका दुकानात दाखवलं. “डायल नवीन करून देतो, कलर बोला,” असं उत्तर आलं. मोबाईलवर फोटो बघून मी नेव्ही ब्ल्यू पसंत केला. घड्याळ मुंबईला गेलं आणि दहा दिवसांत परत आलं. बिल दीड हजार. एकदम चकाचक! ऑफिसच्या ग्रुपवर फोटो टाकला, तर ‘जाम भारी’चा पाऊस पडला.

तो डाग कशाचा होता, हे मला त्या रात्री जेवताना कळलं. १९७२ च्या दुष्काळात आजोबा दुष्काळी कामावर मस्टर कारकून होते. दिवसभर उन्हात उभं राहून मजुरांच्या हजेऱ्या मांडायच्या. घाम घड्याळात शिरला आणि डायलवर डाग पडला. बाबा तेव्हा आठ वर्षांचे होते. आजोबा संध्याकाळी घरी आले की बाबा तो डाग वाढला का ते बघायचे. मी दीड हजार रुपये देऊन तो पुसून आणला होता.

रंग चढतो, उतरत नाही

दुसऱ्या दिवशी शहागंज गाठलं. तिथल्या घड्याळ टॉवरच्या आसपास अजूनही असे कारागीर भेटतात, की ज्यांचं दुकान म्हणजे एक काचेचं टेबल आणि डोळ्याला लावायचं भिंग. त्यातल्या एका चाचांनी मागचं झाकण उघडलं, मशीन बाहेर काढलं आणि माझ्या नव्या डायलकडे जेमतेम दहा सेकंद बघितलं.

“मशीन अस्सल है. डायल रंगाया हुआ है.”

कसं ओळखलं? त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. अक्षरं जाड होती, कडा किंचित पसरलेल्या. मिनिटांच्या छापलेल्या रेघा आणि तासांच्या धातूच्या खुणा एका ओळीत नव्हत्या. सहाच्या खाली बारीक अक्षरांत असायला हवं ते ‘स्विस मेड’ गायबच! डायल रंगवताना आधी जुना रंग आणि छपाई खरवडून काढतात, मग नवा रंग मारतात आणि कंपनीचं नाव पुन्हा छापतात. म्हणजे जुनं खाली कुठं दडलेलं नसतं, ते संपलेलं असतं. “रंग चढा सकते. उतरा हुआ वापस नहीं ला सकते,” चाचा म्हणाले.

जगभरच्या घड्याळवेड्या मंडळींत अशा घड्याळांना चक्क ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. कौतुकानं नव्हे, टोमणा म्हणून! एचएमटीच्या ‘पायलट’चंच बघा. ओळख काळ्या डायलची, पण बाजारात ती पोपटी आणि केशरी रंगातही मिळते. केंद्र सरकारनं एचएमटी वॉचेस बंद करायचा निर्णय जानेवारी २०१६ मध्ये घेतला. तरी ‘नव्या’ एचएमटी मिळतच राहिल्या, त्यातल्या अनेक अशाच.

आणि फेवर ल्युबा काही साधंसुधं नाव नव्हे. १७३७ साली स्वित्झर्लंडच्या ल लोकल गावात सुरू झालेलं घराणं. १८६५ पासून त्यांचा मुंबईत व्यापार. २०११ मध्ये हे नाव टाटांच्या टायटननं विकत घेतलं, २०२३ मध्ये ते एथॉस समूहाकडे गेलं. आमच्या घरातली पहिली आणि कित्येक वर्षं एकमेव लक्झरी तीच!

मग कस्टमायझेशन वाईट का?

थांबा, लगेच निकाल देऊ नका. आपलं घड्याळ थोडं हटके असावं, असं कुणाला वाटत नाही? हे तेच शहर आहे, जिथल्या लोकांनी ऑक्टोबर २०१० मध्ये एकत्र येऊन सुमारे ६५ कोटींच्या दीडशे मर्सिडीज एका झटक्यात घेतल्या होत्या. देशभर बातमी झाली! पण शेजाऱ्याकडे, पार्टनरकडे आणि मेव्हण्याकडेही तीच गाडी असेल, तर आपलं वेगळं काय? मनगटावरही हाच प्रश्न येतो. वाळूजच्या एका मीटिंगमध्ये टेबलाभोवती तीन जणांच्या हातात एकच मॉडेल मी स्वतः पाहिलंय. अशा वेळी काळं कोटिंग, वेगळ्या रंगाची डायल, काचेभोवतीच्या कडीवर म्हणजे बेझलवर हिरे... मोह होणारच!

लंडनच्या जॉर्ज बॅमफर्डनं रोलेक्ससारखी घड्याळं काळी करून देण्यातूनच नाव कमावलं. २०१७ मध्ये तर टॅग ह्यूअर आणि झेनिथ या कंपन्यांनी त्याला अधिकृत कस्टमायझर म्हणून सोबत घेतलं. कोर्टातही हा वाद गाजला. जिनिव्हातल्या एका कस्टमायझिंग कंपनीविरुद्ध रोलेक्स लढली, तेव्हा स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२४ मध्ये रेघ आखून दिली. मालकानं स्वतःचं घड्याळ स्वतःसाठी बदलून घेतलं, तर चालेल. पण बदललेली घड्याळं मूळ कंपनीच्या नावावर बाजारात विकणं चालणार नाही.

म्हणजे हक्क तुमचाच. पण बिलही तुमचंच! रोलेक्समध्ये बाहेरचा पार्ट बसला की कंपनीची गॅरंटी संपली. माझ्या एका मित्रानं त्याच्या स्विस घड्याळाच्या बेझलवर हिरे जडवून घेतले. खर्च लाखाच्या घरात. विकायला काढलं तेव्हा व्यापाऱ्यानं हिऱ्यांचे पैसे तर धरले नाहीतच, उलट मूळ बेझल नाही म्हणून भाव पाडला. कारण बेझलला पाडलेली भोकं काही बुजत नाहीत.

गाजलेली तीन घड्याळं

आता गंमत बघा. जगातली सगळ्यात गाजलेली घड्याळं ‘अनटच्ड’ आहेत का? अजिबात नाही!

हॉलिवूडचा पॉल न्यूमन घ्या. त्याची रोलेक्स डेटोना ऑक्टोबर २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी ७७ लाख डॉलरला गेली. तिच्यावर बायकोनं कोरून घेतलंय, गाडी सांभाळून चालव, अशा अर्थाचं. न्यूमनला रेसिंगचं वेड होतं ना! कुठं कोरलंय? मागच्या झाकणावर.

मार्लन ब्रँडोनं ‘अपोकॅलिप्स नाऊ’ सिनेमात घातलेल्या रोलेक्सचं बेझलच काढून टाकलं होतं आणि स्वतःचं नाव स्वतःच्या हातानं कोरलं होतं. डिसेंबर २०१९ मध्ये तिला साडेएकोणीस लाख डॉलर मिळाले. नाव कुठं कोरलं होतं? मागच्या झाकणावर.

तिसरं तर आपल्या मातीशी जोडलेलं. भारतात पोलो खेळणाऱ्या ब्रिटिश अफसरांच्या घड्याळांच्या काचा फुटायच्या. म्हणून १९३१ मध्ये जेजे-लकुल्त्रनं रिव्हर्सो काढलं. खेळताना घड्याळ फिरवायचं, काच आत आणि धातूची पाठ बाहेर. मग त्या मोकळ्या पाठीवर हौशी मंडळींनी नावं कोरून घेतली, चिन्हं काढून घेतली, मीनाकाम करवून घेतलं.

लक्षात आलं? ब्रँडोच्या बेझलचा अपवाद सोडला, तर तिघांनीही लिहिलं ते पाठीवर. तिघांच्याही डायलला कुणी हात लावला नाही. चेहरा कंपनीचा राहिला, पाठ माणसाची झाली.

नक्कल असावी तर उघड

आमच्या शहराला अस्सल-नक्कल हा वाद तसा नवा नाही. बीबी का मकबरा ताजमहालावरून बेतलेला, हे शाळेच्या पोरालाही ठाऊक असतं. आमचा हिमरू म्हणजे महागड्या किनखाबासारखं दिसणारं, सूत आणि रेशमाचं कापड. पण हिमरूनं कधी मी किनखाब आहे असं सांगितलं नाही. म्हणून त्याला स्वतःचं नाव आणि स्वतःची इज्जत मिळाली.

माझ्या निळ्या डायलनं नेमकं उलटं केलं होतं. कंपनीनं कधीच न छापलेल्या अक्षरांत कंपनीचं नाव मिरवत होती ती! रंग बदलला हा प्रॉब्लेम नव्हता. प्रॉब्लेम हा, की जुनं मिटवून नवंच अस्सल असल्याचा आव आणला होता.

करायचंच असेल तर...

चाचांशी गप्पा मारून आणि स्वतःचे हात पोळून घेऊन जमवलेला हा फंडा. पहिल्या बोनसमधून भारी घड्याळ घेणाऱ्यांनी आणि घरचं जुनं घड्याळ बाहेर काढणाऱ्यांनी कापून ठेवावा!

* पट्टा बिनधास्त बदला. चामडी, कापडी, काहीही. लुक शंभर टक्के बदलतो आणि मूळ पट्टा जपला की घड्याळ पाच मिनिटांत पहिल्यासारखं.
* बेझल, काटे किंवा डायल बदलायचीच असेल, तर वेगळी विकत घेऊन बसवा. मूळ पार्ट रंगवू नका. काढलेला पार्ट मागून घ्या आणि पाकिटावर नाव-तारीख घालून ठेवा.
* पॉलिशचा आग्रह नको. प्रत्येक पॉलिशमध्ये धातू झिजतो आणि केसच्या धारदार कडा गोल होतात.
* कोटिंग आणि हिरे, दोन्ही वन-वे तिकीट. आधी घड्याळ वर्षभर वापरा, मग ठरवा.
* घड्याळ उघडलं की रबरी सील बदलून पाण्याची टेस्ट करून घ्या. नाहीतर पहिल्याच पावसात वाफ धरेल.
* विकताना काय बदललंय ते आधी सांगा.
* आणि घरचं घड्याळ असेल, तर कारागिराकडे जाण्याआधी घरातल्या मोठ्यांना एक प्रश्न विचारा. हा डाग कशाचा आहे?

हा शेवटचा प्रश्न फुकट आहे. मी तो विचारला नाही.

मूळ डायल मिळते का म्हणून मी बरीच शोधाशोध केली. तसल्या डायल मिळतातही. पण त्यावर डाग दुसऱ्या कुणाचे तरी असणार, आमच्या दुष्काळाचा नसणार. शेवटी बाबांनीच विषय संपवला. एका रविवारी घड्याळ माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, “आता हे तुझं. निळं तूच केलंस.”

रागावले होते की देत होते, मला अजून नीट कळलेलं नाही. बहुतेक दोन्ही.

परवा पुन्हा चाचांकडे गेलो आणि मागच्या स्टीलच्या झाकणावर तीन सालं कोरून घेतली. १९६२, लग्नाचं. १९७२, दुष्काळाचं. आणि २०२४, मी डायल रंगवली त्याचं. पुढच्या पिढीतलं कुणी भिंग लावून बघेल आणि ‘ही तर रंगवलेली!’ म्हणेल, तेव्हा त्यानं घड्याळ उलटं करून बघावं. आम्ही काही लपवलेलं नाही.

बाबांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून तिन्ही सालं वाचली. मग घड्याळ कानाला लावलं आणि या वेळी बराच वेळ तसंच धरून ठेवलं.