ऑर्कुट ओस कसं पडलं?

‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण परभणीकरच जास्त मिरवतात. पण 2006-07च्या सुमारास इथली कॉलेजची पोरं परभणीत राहून ऑर्कुट या सोशल नेटवर्कवर नांदत होती. सायबर कॅफेतला प्लायवूडचा खोपा, तासाच्या बोलीवर घेतलेली खुर्ची, आणि कृषी विद्यापीठातला मित्र पुण्याला गेला तरी त्याच्या स्क्रॅपबुकात हजेरी. स्क्रॅप, म्हणजे तिथला निरोप, चारचौघांना दिसायचा. म्हणून मनातलं, मित्राविषयी चार शब्द लिहायच्या टेस्टिमोनियलमध्ये लिहायचं आणि खाली बजावायचं, ‘ॲक्सेप्ट करू नको!’ समोरच्यानं मंजूर केल्याशिवाय ते कुणाला दिसत नसे. गूगलनं असं टपालखातं काही काढलं नव्हतं. ते पोरांच्या डोक्यातून निघालं.

ऑर्कुट ब्युयुक्कोक्तेन या गूगलच्या इंजिनिअरनं जानेवारी 2004 मध्ये वसवलेली ही वस्ती. जुलै 2010 मध्ये भारतात फेसबुक तिच्या पुढं गेलं आणि 30 सप्टेंबर 2014 ला तिला कुलूप लागलं. सगळ्यांनी मिळून सोडायचं, असा ठराव तर कुणीच केला नव्हता. मग ती ओस पडली कशी?

झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 मध्ये पाच सोशल नेटवर्कांचा अभ्यास मांडला. त्यात ऑर्कुटही होतं. त्यांचा हिशेब सोपा आणि थक्क करणारा आहे. समजा, निदान तीन मित्र असले तरच माणूस टिकतो. एक गेला की त्याच्या ज्या मित्रांकडे मोजून तीनच होते, त्यांचे दोन उरतात. तेही उठतात. त्यांच्यामुळं आणखी काही जण तिनाखाली येतात, आणि ज्यांनी पहिल्या गड्याचं नावही ऐकलेलं नाही, त्यांच्यापर्यंत ही गळती पोचते. दुसरीकडे चांगली सोय झाली की तीनही पुरत नाहीत, पाच लागतात, आणि गळती वाढते. शेवटी एकमेकांत घट्ट गुंतलेला गाभा तेवढा उरतो. म्हणजे सदस्य लाखांनी असले तरी वस्ती भक्कम असेलच असं नाही. कोण किती जणांशी बांधलेला आहे, त्यावर सगळं.

फेसबुकवर सगळी गँग सापडली, फोटो भराभर चढले, बरंच वाटलं. तरी जुन्या स्क्रॅपबुकाची रुखरुख राहिलीच. ती अगदीच खुळी नव्हे: आपण निघालो तेव्हा तिकडं आपण कुणाचे तरी तिसरे मित्र होतो.

कुलूप लागल्यावरही स्क्रॅप, फोटो, टेस्टिमोनियल उतरवून घ्यायला गूगलनं सप्टेंबर 2016 पर्यंत मुदत दिली होती. ‘ॲक्सेप्ट करू नको’वाली ज्यांनी खरंच ॲक्सेप्ट केली नाहीत, त्यांची ती बाहेर कुणाला कधी दिसलीच नाहीत.