लंडनचे वार्तापत्र : न सांगण्याचा पत्ता

कोणत्याही सार्वजनिक संस्थेची चौकशी केली असता या देशात प्रथम तिचा पत्ता हाती पडतो; परंतु पतीच्या मारहाणीमुळे घराबाहेर पडलेल्या स्त्रियांना थारा देणाऱ्या आश्रयगृहांचा पत्ता बहुधा जाहीर करीत नाहीत, तो कोणास न सांगण्याचे वचन तेथे राहणाऱ्या स्त्रियांकडूनही घेतात, आणि पुष्कळदा त्यांना परगावीच धाडतात, कारण गावातल्या गावात पत्नीला हुडकून काढणे नवऱ्याला अवघड नसते. या गुप्ततेचे नवल वाटते ते अशासाठी की, ज्या घरापासून हे कार्य येथे रुजले त्याचे दार सर्वांच्या परिचयाचे आणि सर्वांना उघडे होते.

पश्चिम लंडनमधील चिझिक येथे १९७१ साली एरिन पिझी यांनी, शेजारपाजारच्या गृहिणींना घटकाभर एकत्र बसता यावे म्हणून, एका लहानशा घरात केंद्र उघडले. लवकरच अंगावरचे वळ दाखवीत एक स्त्री आली, तिच्यामागून दुसऱ्या आल्या, आणि बसण्याउठण्याच्या जागेचे बिऱ्हाड झाले. पुढे चिझिक हाय रोडवर मोठी वास्तू मिळाली. तीत ३६ हून अधिक माणसे राहू नयेत असा नगरपालिकेचा हुकूम असता तपासणीत ७५ आढळली. कारण दारी आलेल्या कोणासही परत पाठवायचे नाही, हा पिझीबाईंचा निर्धार होता. मुकदमा उमरावसभेपर्यंत गेला. या साऱ्या स्त्रिया व मुले मिळून एकच कुटुंब होय, हा बचाव १९७७ साली तेथील न्यायाधीशांनी अमान्य केला. कायद्याच्या काटेकोर अर्थाने ते योग्यही असेल. परंतु ज्या घराला तोच कायदा निःशंकपणे कुटुंब म्हणत होता त्यातून या स्त्रिया जीव मुठीत धरून पळाल्या होत्या, हे ध्यानी आले म्हणजे त्या निकालाने मन अस्वस्थ होते.

पार्लमेंट मात्र जागे झाले होते. १९७६ च्या कायद्याने मारहाण करणाऱ्या नवऱ्यालाच घराबाहेर काढण्याचा अधिकार न्यायालयांना दिला, आणि १९७७ च्या कायद्याने मारहाणीच्या भयाने घर सोडणारीस बेघर मानून तिची जबाबदारी नगरपालिकांवर टाकली. निराधार स्त्रियांना आसरा देण्याची कल्पना मात्र लंडनच्या या भागाला नवी नव्हती. चिझिकपासून फुलहॅम फारसे दूर नाही. १८८३ मध्ये इंग्लंडला आलेल्या पंडिता रमाबाईंनी तेथे समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांचा ख्रिस्ती भगिनींनी चालविलेला सांभाळ पाहिला होता, आणि १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन उघडणाऱ्या त्या विदुषीच्या मनावर त्याचा ठसा खोल उमटला होता.

आपल्याकडून लग्न होऊन येथे आलेल्या मुलींची अडचण निराळी. पतीच्या आधाराने मिळालेल्या प्रवेशपरवान्यावर सरकारी साहाय्य न घेण्याची अट असते; आश्रयगृहांचा खर्च तर बव्हंशी भाड्यापोटी मिळणाऱ्या सरकारी मदतीतूनच भागतो; तेव्हा अशी मुलगी अपरात्री दारी आली तर तिच्या खोलीचे भाडे कोणी भरायचे, हा पेच उभा राहतो. १९७९ मध्ये स्थापन झालेल्या साउथॉल ब्लॅक सिस्टर्स या संस्थेने त्यासाठी वर्षानुवर्षे लढा दिला. २०१२ पासून, येथे स्थायिक झालेल्या पुरुषाच्या पीडित पत्नीने अर्ज केल्यास, ही अट तीन महिन्यांपुरती शिथिल होते, व तेवढ्या अवधीत तिने कायम वास्तव्याची दरखास्त करावी अशी तजवीज आहे. परक्या भाषेत डॉक्टरांचे दाखले मिळवायचे, पोलिसांतील नोंदी काढायच्या, वकील गाठायचा. आणि पासपोर्ट पुष्कळदा सासरच्या कपाटात कुलूपबंद राहिलेला असतो.