वाकळ एकटीनं शिवायची नसते

परवा कणकुंबीत, मलप्रभेच्या उगमापासून जवळच, एका सोप्यात अर्धी वाकळ पसरलेली दिसली. चार बाजूंना चौघी शेजारणी. मी लोकर-क्रोशावाली, पण बसलेच!

वाकळ म्हणजे जुन्या सुती लुगड्यांचे थर, वर ठिगळं आणि सगळं धरून ठेवणारा धावदोरा. इथे टाके कडेपासून मध्याकडे येतात. सगळ्यात मऊ लुगडं अंगाकडच्या बाजूला.

गंमत टाक्यांत आहे. कुणाचा बारीक, कुणाचा ढांगा टाकत गेलेला. वर्षांनंतरही बायका बोट ठेवून सांगतात, "ही ओळ काकूची." मला तर वेडेवाकडे टाकेच जास्त आवडतात.

तिकडे हल्याळ-यल्लापूरच्या सिद्दी बायका अशीच 'कवंदी' शिवतात. तिच्या कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या कापडाचे त्रिकोणी 'फुला' असतात. त्यांच्याशिवाय कवंदी उघडी मानतात.

धुणं मात्र उन्हाळ्यातच. कणकुंबीच्या पावसात रुमाल वाळत नाही, वाकळ कुठली!

घरात जुनी लुगडी पडून असतील तर खुशाल विचारा, सुरुवात कशी करायची ते सांगते. नायलॉनच्या साड्यांचं विचारू नका, घसरतात मेल्या.