कोल्हापूरची शाहिरी

कोल्हापूर शहर व त्याच्या परिसरात जोपासली गेलेली, पोवाडा व तदनुषंगिक वीरगीते रचून गाण्याची परंपरा. ‘शाहिरी’ या संज्ञेत पोवाड्याबरोबरच लावणीचाही समावेश होतो. तथापि कोल्हापूरच्या संदर्भात ती मुख्यतः वीररसप्रधान व लोकजागृतीपर रचनेला उद्देशून वापरली जाते. जुन्या चालींवर सातत्याने नवे शब्द बांधणे हे या परंपरेचे प्रमुख लक्षण होय.

पोवाड्याचे सर्वांत जुने उपलब्ध नमुने शिवकालीन आहेत. अफझलखानाच्या वधावरील (१६५९) अज्ञानदासाचा व सिंहगडाच्या लढाईवरील (१६७०) तुळशीदासाचा पोवाडा हे त्यांपैकी विशेष प्रसिद्ध होत. मौखिक परंपरेने चालत आलेल्या अशा रचना प्रथम ॲक्वर्थ व शाळिग्राम यांनी संकलित करून १८९१ मध्ये प्रसिद्ध केल्या. त्याच सुमारास अमेरिकन अभ्यासक चाइल्ड याने इंग्लंड-स्कॉटलंडमधील ३०५ कथागीतांचा संग्रह (१८८२–९८) सिद्ध केला. दोन्ही ठिकाणी संग्राहकाच्या हाती प्रामुख्याने शब्द लागले. चाल व गायनपद्धती मात्र गाणाऱ्यांच्याच कंठात राहिली.

सादरीकरण : शाहीर डफावर ताल धरून मुख्य गायन करतो. त्याच्या मागे उभे राहणारे झीलकरी तुणतुणे व झांज यांची साथ देतात आणि कडव्याच्या अखेरीस ‘जी जी’ असा सूर उंचावून धरतात. प्रारंभी नमन, नंतर चौकाचौकांतून कथाभाग व मध्येमध्ये गद्य निवेदन अशी सामान्यतः रचना असते. निवेदनात शाहीर प्रसंगाचे स्पष्टीकरण करतो, समोरच्या श्रोत्यांना उद्देशून बोलतो व त्यांच्या गावाचे संदर्भ गुंफतो. अखेरच्या कडव्यात तो स्वतःचे आणि बहुधा गुरूचे नाव गोवतो. या नाममुद्रेमुळे रचना कोणाची, हे श्रोत्यांस कळते.

परंपरा : कोल्हापूर ही मराठ्यांच्या एका गादीची राजधानी. शहराच्या वायव्येस सु. २० किमी.वर पन्हाळगड आहे. सिद्दी जौहरचा वेढा, शिवाजी महाराजांचे विशाळगडाकडे प्रयाण व बाजीप्रभू देशपांडे यांनी खिंडीत दिलेली झुंज (१६६०) या घटना याच मुलखात घडल्या. त्यामुळे पोवाड्यातील स्थळे येथील श्रोत्यांच्या प्रत्यक्ष परिचयाची असतात. पोवाडा हा इतिहासाचा पुरावा म्हणून जपूनच वापरावा लागतो. परंतु लोकांनी इतिहास कसा स्मरला, याचे ते विश्वसनीय साधन आहे.

एकोणिसाव्या शतकात या रचनाप्रकाराला सामाजिक आशय लाभला. महात्मा फुले यांनी १८६९ मध्ये शिवाजी महाराजांवर पोवाडा लिहिला. त्यांनी १८७३ मध्ये स्थापिलेल्या सत्यशोधक समाजाच्या प्रचारासाठी पुढे जलसे निघाले. कोल्हापुरात १९११ मध्ये या समाजाची शाखा स्थापन झाली व राजर्षी शाहू महाराजांनी (१८७४–१९२२) चळवळीस पाठबळ दिले. ज्या डफ-तुणतुण्यावर लढायांची वर्णने गायिली जात, त्याच साथीवर शिक्षण व जातिभेद या विषयांवरील पदेही गायिली जाऊ लागली. विसाव्या शतकातील कोल्हापूरच्या शाहिरांत लहरी हैदर व पिराजीराव सरनाईक (मृ. १९९२) यांची नावे अग्रगण्य आहेत.

ध्वनिमुद्रणाचा परिणाम : भारतात ध्वनिमुद्रणास १९०२ मध्ये प्रारंभ झाला. मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूस सु. तीन मिनिटांचेच गायन मावत असे. तासभर वा त्याहून अधिक चालणारा पोवाडा तबकडीत बसविण्यासाठी नमन संक्षिप्त करावे लागे, गद्य निवेदन वगळावे लागे व केवळ कळसाचा प्रसंग निवडावा लागे. दीर्घकालीन तबकडी (१९४८) व पुढे ध्वनिफीत यांमुळे ही मर्यादा सैल झाली. एकाच संकलनात पारंपरिक व नव्या रचना शेजारीशेजारी देण्याची प्रथाही रूढ झाली. अशीच प्रथा स्कॉटलंडमध्येही आढळते. ग्लासगो येथील बॅटलफील्ड बँड (स्थापना १९६९) या वाद्यवृंदाच्या ध्वनिमुद्रिकांत जुन्या धुना व नवी गीते एकत्र येतात.

ध्वनिमुद्रणामुळे शाहिराचा आवाज, डफाचा ठेका व झीलकऱ्यांचा सूर ही छापील संग्रहांत न सापडणारी अंगे टिकून राहिली. मात्र त्यातून एक प्रश्नही उद्‌भवतो. अखेरचे कडवे कापले गेले म्हणजे नाममुद्रा नाहीशी होते आणि ज्ञात शाहिराची रचना ‘पारंपरिक’ या सदरात जमा होते. भारतीय प्रताधिकार अधिनियमानुसार (१९५७) शब्द, संगीत व ध्वनिमुद्रण यांचे हक्क स्वतंत्र आहेत. लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. परंतु नावच हरवल्यास तो बजावणे शाहिराच्या वारसांना दुष्कर होते. म्हणून शाहिरी गीतांच्या संकलनात चालीचे मूळ, शब्दकर्ता, गायक व साथीदार यांची पृथक् नोंद असणे आवश्यक ठरते.

नवी रचना काळाच्या ओघात परंपरेचा भाग कशी बनते, याचे ठळक उदाहरण म्हणजे ‘गर्जा महाराष्ट्र माझा’ हे गीत. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांचे संगीत व शाहीर साबळे (१९२३–२०१५) यांचा आवाज लाभलेल्या या गीतास २०२३ मध्ये राज्यगीताचा दर्जा मिळाला. त्याचे कर्ते ज्ञात असूनही ते आज सामुदायिक कंठातील गीत झाले आहे. कोल्हापूरच्या शाहिरीतही जुन्याचे रक्षण व नव्याची भर ही दोन्ही कार्ये परस्परपूरकच राहिली आहेत. कारण जी चाल नव्या विषयासाठी वापरली जात नाही, ती कालांतराने केवळ संग्रहातच उरते.